वाचक विचारतात : डासांसाठी पाण्यात काय सोडू?

पाऊस उघडला की या पानाकडे डासांचे प्रश्न यायला लागतात, ते दरवर्षीचंच आहे. पण यंदा बऱ्याच जणांना कॉइल, स्प्रे, धुराची गाडी यातलं काहीच नको आहे, त्यांना पाण्यात काहीतरी जिवंत सोडायचं आहे जे अळ्या आपोआप खाऊन टाकेल. विचार चांगलाच आहे, फक्त सगळे ‘काय सोडू’ एवढंच विचारतात, ‘कुठे सोडू’ हे कुणी विचारत नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. एकसारखे प्रश्न होते ते जोडून घेतलेत.

आमच्या वाड्यात जुना आड आहे. पाणी पीत नाही, झाडांना आणि गाडी धुवायला घेतो. संध्याकाळी तिथं उभं राहवत नाही इतके डास. गप्पी मासे सोडले तर चालतील का? किती सोडायचे आणि त्यांना खायला काय घालायचं? — शिवाजी पेठ

सोडा की, बिनधास्त सोडा. बंदिस्त पाणी, सावली, प्यायला वापर नाही, आणि मासा तिथून कुठे पळून जाणार नाही, गप्पीला याच्यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही.

पण आधी एक काम करा. बादलीभर पाणी वर काढून पांढऱ्या टबात किंवा स्टीलच्या पातेल्यात ओता आणि उजेडात पाच मिनिटं नुसतं बघत बसा. वळवळणारे केसाएवढे काळपट किडे दिसतील त्या अळ्या. डोकं खाली आणि शेपटीकडची नळी पाण्याच्या वरच्या थराला टेकवून तिरक्या लटकत असतील तर त्या क्युलेक्स म्हणजे गटारीतल्या किंवा एडीस म्हणजे डेंग्यूवाल्या डासाच्या, आणि पाण्याला चिकटून सरळ आडव्या पडल्या असतील तर अ‍ॅनोफिलिसच्या, म्हणजे हिवतापवाल्या डासाच्या. मधेच स्वल्पविरामासारखं वाकडं काहीतरी टुणटुण उड्या मारताना दिसलं तर तो कोष, त्यातून दोनेक दिवसांत डास बाहेर पडणार. आता पातेल्यावर हाताची सावली पाडा, सगळ्या अळ्या एकदम तळाला जातील आणि थोड्या वेळानं एकेक करून वर येतील कारण श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो पाण्याच्या वरच्या थरातच फिरतो, त्यामुळे अळी श्वासाला वर आली की थेट त्याच्या तोंडाशीच येते.

आडाला सुरुवातीला दहा-पंधरा मासे पुरेत. गप्पी अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच देतो, साधारण महिन्याला एक वेत, आणि मादी नराचं बीज साठवून ठेवते त्यामुळे एक गाभण मादी जरी जगली तरी आड भरतो. घेताना मात्र ते लांब शेपटीचे रंगीबेरंगी शोभेचे गप्पी घेऊ नका, त्यांना स्वतःची शेपूट सांभाळताना नाकी नऊ येतात. साधे गावठी घ्या आणि त्यातही मोठ्या राखाडी माद्या जास्त घ्या, नर रंगीत दिसतो पण आकारानं लहान, खातो कमी. सरकारी पुस्तिकांमध्ये एक मोठा गप्पी दिवसाला 80 ते 100 अळ्या खातो असं लिहिलेलं असतं. तो वरचा आकडा समजा, दुसरं खाणं नसेल तेव्हाचा.

म्हणूनच खायला काहीही घालायचं नाही. चुरमुरे नाहीत, कणीक नाही, भाताची शितं नाहीत. घरातली लहान पोरं कौतुकानं टाकतात आणि मासे गलेलठ्ठ होतात, अळ्या तशाच वळवळत राहतात.

आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पावसाळ्यात विहिरीत ती टाकायला कोणी आलं तर आधी सांगा की आत मासे आहेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळे उताणे. नळाचं पाणी आडात सोडत असाल तर तेही एकदम भरमसाट नको, क्लोरीन त्यातही असतं.

आमच्या तालमीच्या पोरांनी ठरवलंय की रंकाळा तलावात दहा हजार गप्पी आणि गंबुसिया मासे सोडायचे, वर्गणीपण जमलीय. तुमच्या मासिकात फोटो छापाल का? — रंकाळा परिसर

फोटो नाही छापणार आणि मासेही सोडू नका. राग मानू नका, नीट सांगतो.

पहिलं म्हणजे रंकाळ्याच्या मधल्या उघड्या पाण्यात डास होतच नाहीत म्हटलं तरी चालेल. वाऱ्यानं लाटा येतात, अळीला नळी पाण्यावर टेकवून स्थिर राहता येत नाही, ती बुडते. डास होतात ते काठाला, जिथं जलपर्णी आणि कचरा साठून पाणी हलत नाही तिथं. त्यात मॅन्सोनिया म्हणून एक डास असतो, त्याची अळी श्वासाला वर येतच नाही, ती जलपर्णीच्या मुळात आपली नळी खुपसते आणि मुळातली हवा घेते. मुळांच्या त्या गुंत्यात मासा शिरणार कसा? तिथं जलपर्णी ओढून बाहेर काढणं हाच उपाय आहे आणि तुमच्याकडे तर तालमीची पोरं आहेत, त्यांच्या अंगातली ताकद माशाच्या पिशव्या उचलण्यात का घालवताय.

दुसरं जास्त महत्त्वाचं. हे दोन्ही मासे इथले नाहीत. गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा आणि त्रिनिदादचा. गंबुसिया मूळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला, भारतात तो 1928 मध्ये इटलीतून आणला गेला, तेव्हा हिवताप एवढा होता की कुणाला पुढचा विचार करायला सवड नव्हती. आज हाच गंबुसिया जगातल्या सगळ्यात त्रासदायक 100 उपऱ्या जिवांच्या यादीत आहे, ती यादी आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेची. कारण तो काही फक्त अळ्या खात नाही. दुसऱ्या माशांची अंडी खातो, पिल्लं खातो, बेडकाच्या पिल्लांच्या शेपट्या कुरतडतो, पाण्यातले जे किडे स्वतः डासांच्या अळ्या खातात तेही खातो. चिलापीनं आपल्या तलावांत काय केलंय ते कोणत्याही भोई माणसाला विचारा, तोही असाच कुणीतरी चांगल्या हेतूनं आणलेला मासा होता.

आपल्या घाटातल्या ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत एक लहानसा मासा असतो, पाण्याच्या अगदी वरच्या थराला तरंगल्यासारखा, डोक्यावर एक चमकदार ठिपका, वरून बघितलं की तो ठिपका तेवढा दिसतो. अप्लोकायलस म्हणतात त्याला. अळ्या खाण्यात तो गप्पीच्या तोडीचा आहे आणि इथलाच आहे. असे मासे, दांडवण, बेडूक, पाणकिडे ही मंडळी टिकतील एवढं पाणी स्वच्छ ठेवलं तर तलावात बाहेरून काही टाकायची गरजच पडत नाही. जमलेल्या वर्गणीतून गमबूट, हातमोजे आणि दाताळी घ्या, त्या कामाचा फोटो मात्र नक्की पाठवा.

मुलाला गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात एक विचित्र किडा सापडला. मातकट रंग, सहा पाय, मोठे डोळे, बघायला कोळ्यासारखा. हात लावला की सर्रकन पुढे जातो पण पाय हलवत नाही. विषारी आहे का? काढून टाकू का? — राजारामपुरी

ताई, काढू नका! ते चतुराचं पिल्लू आहे. आपण पोरं असताना ज्याच्या शेपटीला दोरा बांधायचो तोच चतुर. त्याचं लहानपण सगळं पाण्यात जातं. विषारी नाही, डंख नाही, फार तर मोठं पिल्लू बोटाला बारीक चिमटा काढेल.

पाय न हलवता पळतो ते कसं, तर तो मागच्या टोकातून पाणी आत ओढतो, श्वासही त्याच वाटेनं घेतो, आणि धोका वाटला की ते पाणी पिचकारीसारखं जोरात मागे सोडतो. आणि तोंड तर त्याहून भारी. त्याचा खालचा ओठ घडी घालून हनुवटीखाली दुमडलेला असतो, टोकाला दोन आकडे. तळाला गप्प बसून राहतो, अळी टप्प्यात आली की ओठ सटकन पुढे जातो, आकड्यात अळी धरून परत तोंडाशी येतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. मुलाला काचेच्या बरणीत तो किडा आणि चार-पाच अळ्या ठेवून बघू दे, मोबाइल मागणार नाही अर्धा तास. नंतर परत हौदात सोडा.

म्यानमारमध्ये यांगूनला घराघरांतल्या पाणी साठवायच्या भांड्यांत लोकांच्या मदतीनं चतुराची पिल्लं सोडून एडीस डास कमी केल्याचं काम 1990 मध्ये छापून आलेलं आहे, म्हणजे ही गंमत नाही, खरोखर चालणारी गोष्ट आहे. आपल्याकडे ती घरोघर करणं अवघड, कारण ही पिल्लं एकमेकांनाही खातात आणि वाढायला आठवडे लागतात. डासाची अळी उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत डास होऊन उडून जाते, त्यामुळे नव्यानं साचलेल्या डबक्यात डास कायम पुढे आणि खाणारा मागे. तुमच्या हौदात तो आपणहून आलाय ना, मग राहू दे. एकच, त्या हौदात गप्पी सोडू नका. मासे चतुराची बारकी पिल्लं खातात आणि मोठं पिल्लू माशाची पिल्लं खातं, दोघांपैकी एकच ठेवा.

पाणी एक दिवसाआड येतं, बॅरल भरून ठेवतो. दोनशे लिटरच्या निळ्या बॅरलमध्ये गप्पी सोडले तर डेंग्यूचा धोका जाईल का? — फुलेवाडी, आणि असाच प्रश्न उचगावहून

बॅरल वापरायचं असेल तर मासा नको, झाकण पाहिजे. घट्ट झाकण नसेल तर जुन्या सुती साडीचा कपडा तोंडावर ताणून दोरीनं आवळा. आणि आठवड्यातून एकदा बॅरल पूर्ण रिकामं करून आतून काथ्यानं किंवा घासणीनं घासा, नुसतं पाणी ओतून दिलं तर काम होत नाही. डेंग्यू पसरवणारी एडीसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटवते. काळी, खसखशीहून बारीक, दिसतसुद्धा नाहीत. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तशीच राहतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. मासा कडेवरची अंडी कशी खाणार? तो अळी पाण्यात उतरल्यावर खाणार, आणि तुम्ही रोज तांब्यानं पाणी काढणार, बॅरल तळाला येणार, मासा एकतर बादलीत येईल नाहीतर मरेल.

डेंग्यूचा डास राहतो कुठे ते बघा. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुलरची टाकी, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची थाळी, गच्चीवरचा टायर, नारळाची करवंटी, पक्ष्यांना ठेवलेलं पाणी. यातल्या एका तरी ठिकाणी मासा सोडता येईल का सांगा. या सगळ्या पाणी ओतून द्यायच्या जागा आहेत. जे पाणी ओतून देता येतं तिथं कुठल्याही शिकारी जिवाची गरज नाही. आशाताई कंटेनर सर्व्हेला येतात तेव्हा ‘आमच्यात काही नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवू नका, त्यांना फ्रिज ओढून दाखवा.

लहानपणी आजोळी नारूचे पेशंट बघितलेत. आता नातवानं मोबाइलवर दाखवलं की व्हिएतनाममध्ये डासांसाठी पाण्यात सायक्लॉप्स सोडतात. सायक्लॉप्सनंच तर नारू व्हायचा ना? खरं काय? — एक आजोबा, मंगळवार पेठ

आजोबा, दोन्ही खरं आहे आणि तुमची शंका अगदी बरोबर जागी आहे.

व्हिएतनाममध्ये वापरतात तो मेझोसायक्लॉप्स, त्याच भावकीतला. डोळ्याला जेमतेम ठिपका दिसेल एवढा जीव, पण नुकती फुटलेली एडीसची अळी फाडून खातो, मोठी अळी मात्र त्याला झेपत नाही. तिथं गावागावांत मोठे रांजण आणि सिमेंटच्या टाक्या भरून ठेवतात, 1990 च्या दशकापासून त्यात हे सोडत गेले आणि बऱ्याच गावांतून एडीस जवळजवळ संपला. डासांच्या जैविक नियंत्रणात एवढं यश फार कमी ठिकाणी मिळालंय.

आपल्याकडे गोष्ट वेगळी होती. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा पेशंट पाय बुडवून उभा राहायचा, जखमेतून नारूची पिल्लं पाण्यात जायची, ती सायक्लॉप्स खायचा, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून वर्षभरानं हातभर किडा बाहेर यायचा. नारू असणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता. लोकांनी पाणी फडक्यानं गाळायला सुरुवात केली, पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले, आणि भारतातला शेवटचा पेशंट 1996 मध्ये सापडला, 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त जाहीर केला. नारूच नाही म्हटल्यावर सायक्लॉप्स आता नारू देणार नाही, हे तर्कानं बरोबर. तरीपण प्यायच्या पाण्यात तो मुद्दाम सोडा असं मी तरी कुणाला सांगणार नाही, पाणी गाळून प्यायची सवय लागायला इथं किती वर्षं गेलीत ते तुम्ही बघितलंयच. नातवाला म्हणावं हा प्रयोग घरी नको, पण नारूची गोष्ट त्याला तुमच्याच तोंडून सांगा.

गटारीत गप्पी सोडले तर? — लक्ष्मीपुरी

जगतील, गप्पी घाण पाण्यातही तग धरतो, गंबुसियाला मात्र त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी लागतं. पण वळवाचा एक पाऊस झाला की गटारीतले सगळे जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत, म्हणजे रंकाळ्याबद्दल वर सांगितलं तेच परत. गटारीतलं प्लास्टिक काढा, पाणी वाहतं राहिलं की क्युलेक्स होत नाही. आणि जळकं ऑइल ओतणं बंद करा बघू, अळ्या गुदमरतात हे खरं, पण ते ऑइल शेवटी नदीतच जातं. अजून एक, संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला वर बारीक जाळी बांधलीय का? नसेल तर अर्धे डास तिथूनच येत असतील, त्या टाकीत कुठलाच मासा जगत नाही.

कमळाचा टब आहे बाल्कनीत. मासे सोडले पण मेले. — नागाळा पार्क

टब केवढा आणि ऊन किती ते लिहिलं नाही तुम्ही, पण बहुतेक एप्रिल-मेमध्ये मेले असणार. काळा प्लास्टिकचा टब दुपारच्या उन्हात चांगलाच तापतो. टब जरा मोठा घ्या, दुपारी सावली येईल असा ठेवा, पानं निम्म्या पाण्यावर पसरू द्या. नळाचं ताजं पाणी थेट ओतू नका, बादलीत एक दिवस उघडं ठेवून मग घाला. नवीन मासे आणले की पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टबात तरंगत ठेवा, पाण्याचं तापमान सारखं झालं की मग सोडा. थंडीत उघड्या टबातले गप्पी सुस्त होतात, तेव्हा आठवड्याला एकदा टॉर्च मारून अळ्या दिसतायत का बघायचं. दिसल्याच तर बीटीआयची पावडर मिळते, तो एक जिवाणू आहे, 1976 मध्ये इस्रायलच्या वाळवंटात सापडलेला, अळीच्या पोटात गेला की तिला मारतो आणि माशाला काही करत नाही. कोषावर त्याचा उपयोग नाही, कोष खातच नाही काही.

बेडकाची पिल्लं अळ्या खातात म्हणून शेतातून आणून हौदात सोडली. बरोबर केलं का? — करवीर तालुका

बहुतेक बेडकांची पिल्लं शेवाळ आणि कुजकं खातात, अळ्या नाही. मोठ्या पिवळ्या-हिरव्या बेडकाची, पहिल्या पावसात शेतात डराव डराव करतो त्याची, पिल्लं मात्र शिकारी असतात आणि अळ्या खातात. पण ती एकमेकांनाही खातात आणि महिना-दीड महिन्यात बेडूक होऊन हौदातून निघून जातात, म्हणजे कायमचा इलाज नाही. जिथून आणलीत तिथंच सोडून या. मोठा बेडूक शेतात असलेला बरा, पूर्वी याच बेडकांचे पाय परदेशी पाठवायचे, 1987 मध्ये सरकारनं ती निर्यात बंद केली. जनावरांच्या दगडी डोणीत हवं असेल तर चार-पाच गप्पी ठेवा, गुरांना त्याचं काही होत नाही, फक्त डोण ओढ्याला जोडलेली नसावी.

गप्पी मिळतात कुठे? दुकानात जोडीचे पैसे मागतात. — बरेच जण

विकत घेऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हिवताप विभागाच्या माणसांकडे विचारा, बऱ्याच ठिकाणी आवारातच गप्पी पैदासीचा हौद असतो आणि मासे फुकट देतात. सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर जा, आणि जाताना झाकणाचा रुंद डबा स्वतःचा न्या, तिथं पिशवी असेलच असं नाही. डब्यात पाणी एक तृतीयांशच घ्या, बाकी हवा राहू द्या.